लिंबू, मोगरा, सोनचाफा: उन्हाळ्याचा हलका परफ्यूम घरी करताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. उन्हाळ्यात लावायला लिंबूवर्गीय आणि मोगरा-सोनचाफ्याच्या वासाचा हलका परफ्यूम घरी करायचा आहे. दोनदा करून पाहिला. बर्गमॉट (एक सुगंधी लिंबूवर्गीय फळ) आणि लेमनचं तेल, बाजारातलं मोगरा अत्तर आणि औषधाच्या दुकानातलं सर्जिकल स्पिरिट घेतलं. पहिला पंधरा मिनिटांत उडून गेला. दुसऱ्यात लिंबाचं प्रमाण दुप्पट केलं, तर तो गढूळ झाला, तळाशी थेंब बसले, आणि वासही लवकरच उडाला.

आधी गढूळपणाचं बघू, कारण ते सोपं आहे. दुकानातलं मोगरा अत्तर बहुतेक वेळा तेलाच्या किंवा लिक्विड पॅराफिनच्या आधारावर असतं. पॅराफिन अल्कोहोलमध्ये विरघळतच नाही. त्याचे थेंब होतात आणि सुटून तळाशी बसतात. सर्जिकल स्पिरिटची कथा वेगळी. ब्रिटिश धर्तीच्या स्पिरिटात एरंडेल आणि मिथाइल सॅलिसिलेट असतं. दुसरा पदार्थ म्हणजे सांधेदुखीच्या मलमाचा वास. त्यावर कुठलंही फूल उभं राहत नाही. सॅनिटायझरसुद्धा चालत नाही, कारण त्यात ग्लिसरीन असतं आणि बऱ्याचदा आयसोप्रोपिल अल्कोहोल, ज्याचा स्वतःचाच दर्प असतो. परफ्यूमसाठी म्हणून विकलं जाणारं इथेनॉलच घ्या, बिलासकट, आणि किती टक्के आहे हे लेबलवर वाचून. औद्योगिक स्पिरिटाच्या वाट्याला जाऊ नका. त्यात मिथेनॉल असू शकतं आणि ते कातडीतूनही अंगात जातं.

आता खरा प्रश्न, वास टिकण्याचा. लिंबूवर्गीय तेलांचा मोठा हिस्सा लिमोनिनचा असतो. हा रेणू लहान आणि हलका आहे. अंगाच्या उबेवर तो वीस-तीस मिनिटांत जातो, मग तेल तुम्ही दोन टक्के घाला की चार. लिंबू वाढवून लिंबू टिकत नाही. फक्त पहिला भपका मोठा होतो आणि त्यानंतरची पोकळी जास्त जाणवते. लिंबाचा भास टिकवायचं काम त्याच्या मागे उभ्या असलेल्या फुलांनी करायचं असतं. ही फुलं दाट नकोत, पातळ आणि हवेशीर हवीत. मोगऱ्याचा अर्क ओतून हे साधत नाही. त्यासाठी हेडिओन आणि बेन्झिल सॅलिसिलेट लागतं.

हेडिओन म्हणजे मिथाइल डायहायड्रोजॅस्मोनेट. जाईच्या वासाच्या अभ्यासातून फर्मेनिश कंपनीच्या प्रयोगशाळेत ते हाती लागलं, आणि १९६६ मध्ये परफ्यूमकार एडमाँ रुदनित्स्का यांनी डिऑरसाठी केलेल्या ‘ओ सोव्हाज’मध्ये त्याचा असा काही उपयोग झाला की पुढचे सगळे ताजे परफ्यूम बदलून गेले. बाटलीतून हुंगलं तर ते फुसकं वाटतं, हे आधीच सांगून ठेवतो. पुष्कळ जण इथेच फसतात आणि ‘वासच नाही’ म्हणून बाजूला ठेवतात. मिश्रणात मात्र ते लिंबाला श्वास देतं आणि फुलांमधली गर्दी मोकळी करतं.

बेन्झिल सॅलिसिलेटचंही तसंच. स्वतःचा वास मंद, गोडसर. पण इलांग-इलांग या फुलाच्या आणि खोबऱ्याच्या छटेबरोबर आलं की समुद्रकिनाऱ्यावरच्या पांढऱ्या फुलांचा भास होतो. याचं एक कारण गमतीचं आहे. १९३० च्या दशकात युरोपात निघालेल्या सनटॅन तेलांत हाच पदार्थ ऊन अडवायला घालत. ‘उष्ण कटिबंधातलं फूल’ म्हणून जो वास जगाच्या नाकात बसला आहे, त्यातला काही भाग त्या तेलाच्या बाटलीतून आलेला आहे.

खालचं प्रमाण १०० ग्रॅम तयार परफ्यूमचं आहे, म्हणजे ३० मिलीच्या साधारण चार बाटल्या. आकडे ग्रॅममध्ये आहेत. थेंब मोजू नका. तेल, ड्रॉपर आणि खोलीचं तापमान यांनुसार एक थेंब ०.०२ ते ०.०४ ग्रॅम भरतो, म्हणजे चूक थेट दुपटीची. ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या. या कामात पैसे खर्च करण्यासारखी पहिली वस्तू तीच.

बर्गमॉट, बर्गाप्टेन काढलेलं: १.८०
संत्रा तेल, गोड: ०.८०
लेमन, दाबून काढलेलं: ०.५०
लाइम, ऊर्ध्वपातित (म्हणजे वाफेने काढलेलं): ०.२०
पेटिग्रेन (कडू संत्र्याच्या पानांचं तेल): ०.३०
हेडिओन: २.४०
लिनालूल: ०.३०
बेन्झिल अॅसिटेट: ०.२०
बेन्झिल सॅलिसिलेट: ०.६०
इलांग-इलांग, एक्स्ट्रा किंवा कम्प्लीट प्रतीचं: ०.१५
मोगरा अॅब्सोल्यूट, १० टक्के द्रावण (अॅब्सोल्यूट म्हणजे फुलांचा घट्ट अर्क): १.००
सोनचाफा अॅब्सोल्यूट, १० टक्के द्रावण: ०.५०
गॅमा नोनालॅक्टोन (खोबऱ्याची छटा), १० टक्के द्रावण: ०.१०
आयसो ई सुपर (लाकडाची छटा): ०.५०
इथिलीन ब्रासिलेट (कस्तुरीची छटा): ०.५५
अँब्रॉक्सन (अंबरची छटा), १० टक्के द्रावण: ०.१०

याची बेरीज १० ग्रॅम. त्यात ८४ ग्रॅम अल्कोहोल आणि ६ ग्रॅम डिस्टिल्ड वॉटर. द्रावणांतलं अल्कोहोल वजा केलं तर प्रत्यक्ष सुगंधी द्रव्य साडेआठ टक्क्यांच्या आसपास येतं. परफ्यूमच्या हलक्या प्रकारांत बघितलं तर ओ द कोलोनपेक्षा थोडं जड, ओ द ट्वालेटच्या मधल्या पट्ट्यात. तुमचं अल्कोहोल ९५-९६ टक्क्यांचं असेल तर पाणी त्यात आधीच आहे. मग वरून दोन ग्रॅमच घाला आणि अल्कोहोल ८८ करा.

बर्गमॉट कुठलं घेता यावर सगळ्यात जास्त लक्ष द्या. इटलीतल्या कॅलाब्रियात सालीवर दाब देऊन काढलेल्या साध्या बर्गमॉट तेलात बर्गाप्टेन असतं. ते कातडीवर असताना ऊन पडलं की भाजल्यासारखा डाग उठतो आणि मागे काळा ठसा राहतो, कधी कधी काही महिने. आंतरराष्ट्रीय सुगंध संघटनेची, म्हणजे इफ्राची, अंगावर राहणाऱ्या तयार मालासाठी साध्या बर्गमॉटची मर्यादा ०.४ टक्के आहे. वरच्या प्रमाणात ते १.८ टक्के आहे. म्हणजे बर्गाप्टेन न काढलेलं तेल वापरलं तर तुम्ही मर्यादेच्या साडेचार पट असाल, आणि तेही उन्हाळ्यात, उघड्या मानेवर. लेबलवर ‘एफसीएफ’ (फ्युरोकुमारिन-फ्री; बर्गाप्टेन त्याच गटातलं) किंवा ‘बर्गाप्टेन-फ्री’ असं लिहिलेलं नसेल तर ते तेल साधं आहे असं धरून चाला.

दाबून काढलेल्या लेमनला मर्यादा २ टक्के, दाबून काढलेल्या लाइमला ०.७ टक्के. अशी दोन-तीन तेलं एकत्र असतील तर प्रत्येकाने आपल्या मर्यादेचा किती हिस्सा खाल्ला याची बेरीज करायची, आणि ती शंभराच्या आत ठेवायची. इथे लेमन अर्धा टक्का आहे, म्हणजे पंचवीस टक्के हिस्सा. ऊर्ध्वपातित लाइमला आणि गोड संत्र्याला हे बंधन नाही. आणखी एक घोळ नावाचा होतो. आपल्याकडचं कागदी लिंबू म्हणजे लाइम. परफ्यूमचं लेमन हे पिवळं, जाड सालीचं, वेगळं फळ. दुकानदाराने नुसतं ‘लिंबू तेल’ असं लिहिलं असेल तर झाडाचं लॅटिन नाव आणि तेल काढायची पद्धत विचारून घ्या.

नागपुरी संत्र्याची साल अल्कोहोलमध्ये भिजवून चालेल का, असं हमखास विचारलं जातं. सालीतून तेलापेक्षा पाणी, साखर आणि मेण जास्त येतं. वास मुरंब्याकडे झुकतो आणि आठवड्यात तपकिरी होतो. मोगऱ्याच्या कळ्यांचंही असंच. मोगरा काढल्यानंतरही उमलत राहतो आणि वास रात्रभर हळूहळू सोडतो. अल्कोहोलमध्ये बुडवल्याबरोबर ती क्रिया थांबते आणि पाकळीतला हिरवा, ओल्या गवतासारखा रस तेवढा उतरतो. म्हणून अॅब्सोल्यूट विकत घ्यावं. ते बहुतेक तमिळनाडूत, हेक्झेनने फुलांचा अर्क काढून आणि त्यातलं मेण वेगळं करून तयार होतं. महाग आहे, पण या प्रमाणात ते फक्त ०.१० ग्रॅम लागतं.

एवढंच का, याचं उत्तर मोगऱ्याच्या पोटात आहे. त्यात इंडोल असतं. थोडं असलं की फूल जिवंत वाटतं. प्रमाण वाढलं आणि वर ३८ अंशांची हवा असली की तोच इंडोल डांबरगोळीची आठवण करून देतो, आणि शेजारी बसलेल्याचं डोकं उठतं. हिवाळ्यात करून पाहिलेला नमुना ‘अजून थोडा मोगरा हवा’ असं सांगतो आणि एप्रिलमध्ये तोच अंगावर येतो. उन्हाळ्याचा परफ्यूम पंखा बंद असलेल्या गरम खोलीतच तपासावा.

सोनचाफ्याच्या अॅब्सोल्यूटबद्दल अपेक्षा ठीक करून घ्या. वसईहून टोपल्यांतून दादरच्या फुलबाजारात येणाऱ्या ताज्या फुलाचा वास त्यात नसतो. बाटलीत तो जर्दाळू, चहाची कोरडी पत्ती आणि थोडा मधाळ असा लागतो. त्यातल्या आयोनोन नावाच्या सुगंधी रेणूंमुळे हे होतं. लिंबाशेजारी मात्र हाच चहासारखा कोरडेपणा कामाला येतो. मोगऱ्याची गोडी त्यानेच आवरली जाते. ०.५० वरून १.०० केलं तर बिघडत नाही, फक्त बाजूचं हेडिओन थोडं झाकलं जातं. इलांग-इलांगला मात्र हात आखडताच हवा. हे मूळ आग्नेय आशियाचं फूल, तेल मुख्यतः कोमोरो आणि मादागास्करहून येतं. त्यातली पिकलेल्या केळ्याची आणि औषधी छटा ०.३० ग्रॅमला सगळ्यांवर मात करते. मोगरा आणि इलांग दोन्ही नसतील तर फक्त सोनचाफ्यावरही हा परफ्यूम उभा राहतो. हेडिओनशिवाय राहत नाही.

द्रावणं आधी करून ठेवा. १ ग्रॅम मोगरा अॅब्सोल्यूट, ९ ग्रॅम अल्कोहोल. घट्ट असेल तर बाटली कोमट पाण्यात पाच मिनिटं धरा. एक दिवस ठेवून तळाशी मेण दिसलं तर गाळून घ्या. अँब्रॉक्सन स्फटिकरूप असतं, ते अल्कोहोलमध्ये हलवत राहिलं की विरघळतं. ०.०१ ग्रॅम गॅमा नोनालॅक्टोन काट्यावर नेमकं मोजता येणार नाही, पण त्याच्या द्रावणाचे ०.१० ग्रॅम मोजता येतात. एवढ्यासाठीच हा खटाटोप.

मिसळताना क्रम उलटा ठेवा: तळातलं आधी, लिंबू शेवटी. काचेच्या लहान बीकरमध्ये इथिलीन ब्रासिलेट, आयसो ई सुपर, सॅलिसिलेट, हेडिओन, मग फुलं, मग पेटिग्रेन, आणि अगदी अखेरीस लिंबूवर्गीय तेलं. कारण साधं आहे. ही तेलं बीकरमध्ये अर्धा तास उघडी राहिली की वजन आणि वास दोन्ही कमी होतं. शिवाय हात चुकून जास्त पडलंच तर ते स्वस्त हेडिओन असावं, महाग मोगरा नसावा. जास्त पडलेलं काढता येत नाही. मग बाकी सगळं त्या प्रमाणात वाढवावं लागतं. प्रत्येक पदार्थ टाकल्यावर काटा शून्यावर आणा आणि आकडा लगेच वहीत लिहा. लिहीन मग म्हटलं की विसरतंच.

रबरी फुगा असलेले ड्रॉपर वापरू नका. लिमोनिनने रबर फुगतं आणि त्याचा वास तेलात उतरतो. पॉलिइथिलीनचे टाकाऊ पिपेट बरे, प्रत्येक तेलाला वेगळा. थर्माकोल आणि पारदर्शक कडक प्लास्टिकचे पेले तर लिमोनिन सरळ खातं.

हे दहा ग्रॅम गडद बाटलीत, गळ्यापर्यंत भरून, एक आठवडा अंधारात ठेवा. मग अल्कोहोल घाला, हलवा, एक दिवस थांबा, आणि शेवटी पाणी थोडं थोडं घाला. पाणी आधी आणि तेल मागून, असं केलं की दुधासारखा पांढरेपणा आलाच म्हणून समजा. तो लगेच आला तर पाणी जास्त झालं आहे, चमचाभर अल्कोहोलने निवळतो. दोन-तीन दिवसांनी धुरकट झाला तर दाबून काढलेल्या तेलांतलं मेण आहे. घट्ट झाकण लावून दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवा, आणि गार असतानाच कॉफीच्या फिल्टर पेपरमधून गाळा. बाहेर कोमट होऊ दिलं तर मेण परत विरघळेल आणि गाळूनही उपयोग नाही. तळाशी गोल थेंब दिसले तर ते तेल आहे. ते तुमच्या दुसऱ्या उद्योगात झालं होतं. त्याला औषध नाही.

पातळ केल्यावर तीन आठवडे मुरू द्या. पहिल्या आठवड्यात अल्कोहोलची झणझण पुढे येते, लिंबू टोचतं, आणि पुष्कळ जण घाबरून दुरुस्त्या करायला लागतात. वाट बघा. रंग थोडा गडद होईल, तेही ठीक आहे. मोगऱ्यातलं मिथाइल अँथ्रानिलेट आणि लेमनमधलं सिट्राल एकमेकांना धरतात आणि पिवळसर-केशरी संयुग तयार होतं. परफ्यूम खराब झाला असं नाही. मात्र पांढऱ्या मलमलवर किंवा ऑफ-व्हाइट रेशमावर त्याचा डाग बसतो, तेव्हा कपड्यावर मारायचाच असेल तर आतल्या शिवणीवर करून बघा.

खरा बिघाड वेगळा असतो. लिंबूवर्गीय तेल हवेने आणि उष्णतेने जुनं झालं की वॉर्निशचा वास येऊ लागतो. लिमोनिन ऑक्सिडाइझ होऊन जे पदार्थ बनतात ते कातडीला खाज आणतात, ॲलर्जीचं ते ठराविक कारण आहे. तेलं फ्रिजमध्ये, लहान आणि भरलेल्या बाटल्यांत ठेवा. अर्धी रिकामी मोठी बाटली म्हणजे अर्धी बाटली हवा. लिंबूवर्गीय तेलाच्या ०.१ टक्का बीएचटी (ऑक्सिडेशन रोखणारा पदार्थ) घातलं तर हे बरंच लांबतं. इथे ३.३० ग्रॅम तेल आहे (पेटिग्रेन वगळून), म्हणजे ३ मिलिग्रॅम बीएचटी हवं. ते मोजायचं कसं? अल्कोहोलमध्ये १ टक्का द्रावण करा आणि त्यातले ०.३३ ग्रॅम घाला, तेवढं अल्कोहोल शेवटी कमी करा.

हवेप्रमाणे थोडा फरक करावा लागतो. मुंबई, रत्नागिरी, गोवा इथल्या दमट हवेत गोड आणि खोबरेल छटा अंगाला चिकटते. तिथे गॅमा नोनालॅक्टोन निम्मं करा, इलांग ०.१० वर आणा. नागपूर-अकोल्याच्या कोरड्या उन्हात उलट सगळंच झरझर उडतं. तिथे हेडिओन २.८० आणि सॅलिसिलेट ०.८० पर्यंत न्या, संत्रा आणि बर्गमॉट प्रत्येकी ०.३० ने कमी करा. लिंबू कमी करून ताजेपणा वाढतो हे कानाला विचित्र वाटेल, पण तासाभराने मनगट हुंगून बघा. पांढऱ्या देवचाफ्याकडे वळायचं असेल तर गॅमा अंडिकालॅक्टोनच्या १० टक्के द्रावणाचे ०.१० ग्रॅम पुरेत. त्याने पीचची मऊ साय येते. डायहायड्रोमिर्सेनॉल मात्र नको. ताजेपणासाठी पुष्कळ जण सुचवतात, पण या फुलांजवळ ते धुण्याच्या पावडरीचा वास देतं.

तपासणीसाठी कागदी पट्टी एक सेंटिमीटर बुडवा आणि लगेच, दहा मिनिटांनी, एका तासाने, चार तासांनी हुंगा, प्रत्येक वेळी दोन शब्द लिहा. चार तासांनी पट्टीवर मंद पांढरं फूल आणि स्वच्छ कस्तुरीसारखी मऊ उब राहिली पाहिजे. तिथे नुसतं लाकूड वाटलं तर आयसो ई सुपर ०.३० करा. मग कातडीला त्रास होतो का हे बघायला कोपराच्या आतल्या बाजूला लावून २४ तास थांबा.

अंगावर तीन ते चार तास, एवढीच या परफ्यूमची चाल आहे. सकाळी आठला लावलेला संध्याकाळी सहाला येणार नाही, आणि येऊ लागला तर तो हलका राहिला नाही असं समजा. बिनवासाचं मॉइश्चरायझर आधी लावलं तर तासभर जास्त मिळतो. ८-१० मिलीची छोटी बाटली पर्समध्ये ठेवून दुपारी एकदा मारणं हाच सरळ मार्ग. दोन फवारे पुरे. गच्च भरलेल्या लोकलच्या डब्यात तिसरा फवारा शेजारच्यावर जुलूम आहे.

काम करताना गॅस, देवासमोरचा दिवा, उदबत्ती, सगळं बंद. इथेनॉलची वाफ १७ अंशांच्या आसपासच पेट घेऊ शकते, आणि आपल्या घरात एप्रिलमध्ये त्याच्या दुप्पट असतं. विकायचा विचार असेल तर हे घरगुती काम राहत नाही. परफ्यूम कायद्याने सौंदर्यप्रसाधनांत मोडतो, औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० आणि प्रसाधन नियम २०२० त्याला लागू होतात. महाराष्ट्रात त्यासाठी अन्न व औषध प्रशासनाचा उत्पादन परवाना लागतो, अल्कोहोलसाठी उत्पादन शुल्क खात्याचे नियम वेगळे.

आधीच्या दोन बाटल्यांचं काय, असंही विचारलं आहे. त्यातलं बर्गमॉट कुठलं होतं हे माहीत नाही आणि दुसऱ्या बाटलीत लिंबू दुप्पट आहे, तेव्हा त्या अंगाला लावू नका. गाळून, पाणी घालून वाचवायचा प्रयत्नही नको, तेल आणि एरंडेल त्यातून निघणार नाही. लेबलवर तारीख आणि ‘लावू नये’ असं लिहून ठेवा, आणि नव्या नमुन्याशेजारी पट्टीवर तुलना करायला वापरा.